खजिनदारांच्या शंका आणि सभासदनोंदणीचे सॉफ्टवेअर

प्रश्न : आमचे सार्वजनिक वाचनालय तालुक्याच्या गावी असून ते शासनमान्य 'ब' वर्गात आहे. वर्गणीदार सभासद ६४०, मासिक वर्गणी ५० रुपये आणि अनामत ५०० रुपये आहे. जुन्या सभासदांची अनामत याहून कमी आहे. सभासदांची नोंद आजवर वह्यांत होते आणि वर्गणीची पावती पावतीपुस्तकातून फाडली जाते. कार्यकारी मंडळातील काही सदस्यांनी सभासदनोंदणीचे सॉफ्टवेअर घ्यावे असे सुचवले आहे. कंपनीने सुरुवातीच्या मांडणीचे २५,००० रुपये आणि दरवर्षीचे १८,००० रुपये असा दर दिला असून दोन्हींवर १८ टक्के जीएसटी वेगळा आहे. पहिल्या वर्षाचा खर्च देण्याची तयारी एका आजीव सभासदांनी दाखवली आहे. मात्र आमच्या खजिनदारांचा विरोध आहे. गेली चौदा वर्षे त्यांनी हिशेब चोख ठेवला आहे. त्यांचे म्हणणे असे की, खर्च दरवर्षी येणार पण उत्पन्न तेवढेच राहणार. ६२,००० रुपयांची थकबाकी सॉफ्टवेअरमुळे वसूल होईल याला काही आधार नाही. आणि संस्थेची माहिती परक्यांच्या हाती जाईल. मागच्या ताळेबंदात सभासदांची अनामत ४,१०,००० रुपये आहे. गेल्या सभेत या विषयावरून कटुता आली. कार्यवाह या नात्याने मी खजिनदारांचे समाधान कसे करावे?

उत्तर : आपण 'समाधान कसे करावे' असे विचारले आहे. माझी विनंती अशी की, प्रश्न आधी थोडा बदलून घ्यावा. खजिनदारांनी घेतलेल्या तीनही हरकती रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे आकड्यांत व कागदावर देता येतात. ती मिळेपर्यंत त्यांनी संमती न देणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३२ नुसार नियमित हिशेब ठेवण्याची जबाबदारी विश्वस्तांवर आहे आणि कलम ३३ नुसार त्या हिशेबाची तपासणी होते. सॉफ्टवेअर कोणाचेही असले, तरी लेखापरीक्षकांच्या प्रश्नांना कंपनीचा प्रतिनिधी उत्तर देणार नाही. ते आपल्या खजिनदारांनाच द्यावे लागेल.

पहिली हरकत खर्चाची. सभेत बहुधा पहिल्या वर्षाच्या खर्चाचीच चर्चा झाली असावी, कारण देणगीदारही त्याच वर्षापुरते पुढे आले आहेत. खजिनदारांपुढे मात्र पाच वर्षांचा आकडा ठेवावा. मांडणीचे २५,००० आणि पाच वर्षांचे ९०,००० मिळून १,१५,००० रुपये होतात. त्यावर जीएसटी २०,७०० रुपये, म्हणजे एकूण १,३५,७०० रुपये. वार्षिक शुल्कात दरवर्षी १० टक्के वाढ धरली, तर हीच रक्कम १,५९,००० रुपयांच्या पुढे जाते. आपली संस्था जीएसटीखाली नोंदलेली नसेल, तर भरलेल्या कराची वजावट मिळणार नाही, म्हणून कर हा खर्चाचाच भाग समजावा. शुल्क पाच वर्षे वाढणार नाही किंवा ठरावीक टक्क्यांहून अधिक वाढणार नाही, हे कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता हा खर्च आपल्याला पेलणारा आहे का, ते पाहू. सर्व सभासदांनी वेळेवर वर्गणी भरली, तर वर्षाला ३,८४,००० रुपये जमतात. करासह वार्षिक शुल्क २१,२४० रुपये, म्हणजे वर्गणीच्या सुमारे साडेपाच टक्के होते. हा भार जड नाही, पण क्षुल्लकही नाही, आणि तो कोणत्या पैशातून उचलायचा हे आधीच ठरले पाहिजे. माझे स्पष्ट मत असे आहे की, दरवर्षीचा खर्च वर्गणीतूनच भागला पाहिजे. शासकीय अनुदान हाती कधी पडेल हे आपल्या हातात नसते, आणि देणगीदार पहिल्या वर्षासाठी मिळतात तसे चौथ्या वर्षासाठी मिळत नाहीत. त्या आजीव सभासदांना विनंती करून त्यांची देणगी मांडणीच्या एकवेळच्या खर्चासाठी घ्यावी आणि त्या कारणाचा उल्लेख पावतीवर करावा. पुढील वर्षांसाठी वर्गणी महिन्याला पाच रुपयांनी वाढवायची असेल, तर तो विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत उघडपणे मांडावा. त्या वाढीतून वर्षाला ३८,४०० रुपये येतील आणि वार्षिक शुल्क भागून इंटरनेट, पावतीचा कागद व छपाईयंत्राची दुरुस्ती यांनाही काही रक्कम उरेल.

थकबाकीबाबत खजिनदार बरोबर आहेत. वसुली माणसे करतात. सॉफ्टवेअर फार तर कोणाकडून किती येणे आहे हे वेळेवर दाखवते आणि सभासदाच्या मोबाइलवर आठवणीचा संदेश पाठवते. म्हणून सबंध ६२,००० रुपये लाभाच्या बाजूला मांडणे चुकीचे ठरेल. येणे किती जुने आहे त्यानुसार या रकमेचे तीन भाग करावेत : तीन महिन्यांपर्यंतची, तीन महिन्यांपासून वर्षापर्यंतची आणि वर्षाहून जुनी. तिसऱ्या भागात गाव सोडून गेलेले, दिवंगत झालेले आणि येणेच थांबलेले सभासद निघतील. तेथे नुसत्या संदेशाचा फारसा उपयोग होत नाही. पहिल्या दोन भागांतील रकमेचा काही अंश वेळेवर येऊ लागेल, एवढीच अपेक्षा धरावी. याहून मोठे आश्वासन खजिनदारांना कोणी देऊ नये.

माझ्या मते आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा आकडा मात्र थकबाकीचा नसून अनामतीचा आहे. आपले ६४० सभासद आहेत आणि कोणाचीही अनामत ५०० रुपयांहून अधिक नाही. म्हणजे आजच्या सभासदांची एकूण अनामत फार तर ३,२०,००० रुपये असू शकते. ताळेबंदात ४,१०,००० रुपये आहेत. याचा अर्थ किमान ९०,००० रुपये अशा लोकांचे आहेत, जे आता सभासद नाहीत आणि ज्यांनी आपली अनामत परत नेलेली नाही. यात काही गैर घडले आहे असे मुळीच नव्हे. जुन्या वाचनालयांत हे नेहमी आढळते. परंतु हा पैसा कोणाकोणाचा, याची नावनिशीवार यादी आपल्याकडे आहे का? मी एका वाचनालयाचे हिशेब पाहत होतो, तेव्हा अशी यादी करण्यास आम्हाला अडीच महिने लागले. काही अनामती शंभर रुपयांच्या, काही पंचवीस रुपयांच्या निघाल्या आणि काही नावांपुढे रक्कमच नव्हती. त्या अडीच महिन्यांत जे समजले, ते कोणत्याही यंत्राने आम्हाला सांगितले नसते.

म्हणून माझा आग्रह असा की, अनामतीची सभासदवार यादी ताळेबंदातील आकड्याशी जुळेपर्यंत एकही नाव सॉफ्टवेअरमध्ये भरू नये. या कामाला खर्च नाही. जुनी अनामत नोंदवही, पावत्यांची स्थळप्रत आणि काही आठवडे रोज संध्याकाळचे दोन तास पुरतात. हे काम खजिनदारांच्या देखरेखीखाली व्हावे. फरक उरलाच, तर तो लेखापरीक्षकांना दाखवून मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवावा. न नेलेली अनामत परस्पर उत्पन्नात वळवू नये. ती सभासदाची ठेव आहे आणि ती परत देण्याची जबाबदारी संस्थेवर आहे.

नेमके येथेच अनेक तयार सॉफ्टवेअर कमी पडतात. नवा सभासद ५०० रुपये अनामत आणि ५० रुपये वर्गणी भरतो, तेव्हा दिवसअखेरच्या अहवालात 'जमा ५५० रुपये' एवढेच दिसते. प्रत्यक्षात ५० रुपये उत्पन्न आहे आणि ५०० रुपये देणे आहे. आजीव सभासदांच्या वर्गणीचेही तसेच. आपल्या नियमावलीनुसार ती कायम निधीत जात असेल, तर त्या वर्षाच्या उत्पन्नात दिसता कामा नये. प्रात्यक्षिकाच्या वेळी कंपनीच्या माणसाला खजिनदारांसमोर तीन व्यवहार करून दाखवण्यास सांगावे : नव्या सभासदाचा भरणा, अनामतीची परतफेड आणि चुकून फाडलेली पावती रद्द करणे. रद्द झालेली पावती क्रमांकासह, कारणासह आणि रद्द करणाऱ्याच्या नावासह यादीत राहिली पाहिजे. पावतीपुस्तकात खाडाखोड झालेली पावती आपण चिकटवून ठेवतो, फाडून टाकत नाही. तोच नियम येथेही हवा. पावती पुसून टाकण्याची सोय असलेले सॉफ्टवेअर कितीही स्वस्त असले, तरी घेऊ नये.

माहिती परक्या हाती जाण्याची भीती करारातील दोन कलमांनी बरीच कमी होते. सभासदांची, अनामतीची आणि पावत्यांची संपूर्ण माहिती एक्सेलमध्ये केव्हाही, वेगळे शुल्क न देता, आपल्याला उतरवून घेता आली पाहिजे. आणि करार संपल्यावर ठरावीक दिवसांत ती आपल्या हाती देऊन कंपनीने स्वतःकडील प्रत नष्ट केली पाहिजे. दर महिन्याच्या शेवटी ही माहिती उतरवून पेनड्राइव्हवर ठेवण्याचे काम ग्रंथपालांकडे सोपवावे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, तेव्हा सभासदाचे नाव, पत्ता आणि मोबाइल यांपलीकडची माहिती भरूच नये. आधारपत्राच्या प्रती तर नकोतच.

काही वाचनालये 'कोहा' हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरतात. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालय न्यासासाठी ते तयार झाले आणि २००० पासून वापरात आहे. त्याला परवाना शुल्क नाही. तरी ते बसवणारा आणि सांभाळणारा जाणकार माणूस लागतो, सर्व्हरचे भाडे लागते, आणि तो माणूस गाव सोडून गेला की काम अडते. असा भरवशाचा माणूस जवळ असेल, तरच त्याचा विचार करावा.

अंमलबजावणीबाबत थोडेच सांगतो. आरंभीच्या शिल्लका १ एप्रिलपासून घ्याव्यात. त्याआधी जानेवारी ते मार्च फक्त बालविभागाचे व्यवहार वही आणि सॉफ्टवेअर या दोन्हींत नोंदवावेत आणि रोजची रोकड दोन्हींशी जुळवावी. तीन महिन्यांत आकडे जुळले नाहीत, तर थांबण्याचा अधिकार ठरावाने खजिनदारांना द्यावा. हा ठराव आपण स्वतः मांडावा. सभेत आलेली कटुता दूर व्हायची असेल, तर ती या ठरावाने होईल, असे मला वाटते.

प्रश्न : मी एका वाचनालयाची खजिनदार आहे. आम्ही सभासदनोंदणीचे सॉफ्टवेअर घेतले आहे. आता कंपनी म्हणते की, वार्षिक वर्गणी ६०० रुपये ऑनलाइन घेण्यासाठी तिच्यामार्फत पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारून खात्यात जमा करणारी सेवा) घ्यावा. त्यावर दोन टक्के शुल्क पडेल. बँकेचा क्यूआर कोड आमच्याकडे आहेच. मग हे शुल्क का भरावे?

उत्तर : आपली शंका योग्य आहे. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाने होणाऱ्या भरण्यावर व्यापाऱ्याकडून, म्हणजे पैसे स्वीकारणाऱ्याकडून, घेतला जाणारा आकार १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. गेटवे पुरवणारी कंपनी आपल्या सेवेचे शुल्क मात्र करारानुसार घेऊ शकते. ६०० रुपयांवर दोन टक्के म्हणजे १२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी लागला, तर आणखी २ रुपये १६ पैसे. म्हणजे खात्यात ५८५ रुपये ८४ पैसे जमा होतील. त्या वेळी वर्गणी ६०० रुपयेच जमा दाखवावी आणि १४ रुपये १६ पैसे खर्चात घालावेत. निव्वळ आलेली रक्कम वर्गणी म्हणून लिहिली, तर सभासदाच्या नावावर १४ रुपयांची थकबाकी उभी राहते आणि त्याला विनाकारण आठवणीचे संदेश जात राहतात.

क्यूआर कोडची अडचण वेगळी आहे. पैसे येतात, पण ते कोणाचे हे कळत नाही. आजोबांची वर्गणी नात भरते आणि बँकेच्या उताऱ्यावर नातीचे नाव दिसते. गेटवेच्या दुव्यावर सभासद क्रमांक पैशाबरोबर येतो, आणि शुल्क खरे तर त्या सोयीचे आहे. आपले सभासद दोनतीनशे असतील आणि बहुतेक जण वाचनालयात येऊन भरत असतील, तर क्यूआर कोडच पुरेसा आहे. भरणा करताना सभासद क्रमांक लिहावा अशी पाटी काउंटरवर लावावी आणि पैसे आल्याची खात्री होताच तेथल्या तेथे पावती द्यावी. परगावाहून भरणारे सभासद बरेच असतील, तर तेवढ्यांपुरता गेटवे घ्यावा. दोन्ही बाबतींत खाते संस्थेच्या नावाचेच असावे. कोणा पदाधिकाऱ्याच्या मोबाइल क्रमांकावर एक दिवससुद्धा वर्गणी घेऊ नये.

गेटवेचे पैसे बँकेत येण्यास एकदोन दिवस लागतात, हे वर्षअखेरीस लक्षात ठेवावे. ३१ मार्चला सभासदाने भरलेली वर्गणी एप्रिलमध्ये खात्यावर येईल. पावतीची तारीख ३१ मार्चच राहील आणि ती रक्कम त्या दिवशी गेटवे कंपनीकडून येणे म्हणून दाखवावी लागेल. अशा व्यवहारांची यादी १ एप्रिलच्या सकाळीच उतरवून घ्यावी.