क्रँक सेन्सर बदलूनही गाडी चालू होत नाही, आता ईसीएम बदलायचा का?

नाही. आत्ता तर मुळीच नाही.

तुम्ही लिहिलंय की गाडी कॉमन रेल डिझेल आहे (एकाच जास्त दाबाच्या पाइपातून, म्हणजे रेलमधून, सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारी), सेल्फ म्हणजे स्टार्टर जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, स्कॅनरवर पी०३३५ हा बिघाडाचा कोड येतो, क्रँक सेन्सर (इंजिनाचा मुख्य दांडा कसा फिरतोय ते सांगणारा) दोनदा बदलून झाला आणि आता गॅरेजवाला म्हणतोय ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेला. एवढ्या सगळ्यात कुणी वायरीला मीटर लावून बघितल्याचं कुठेच दिसत नाही. म्हणूनच लिहायला बसलो. हेच आमच्या घरात घडलंय, आणि त्यावरून माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा वाद अजून मिटलेला नाही.

मी सातपूरच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालो आणि तेव्हापासून एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. दादा दिंडोरी तालुक्यात शेती बघतो. द्राक्षं आणि टोमॅटो. त्याची पिकअप ऐन टोमॅटोच्या दिवसांत त्रास द्यायला लागली. जाळ्या भरून पिंपळगावला निघायचं आणि वणी-पिंपळगाव रस्त्यावर मध्येच कुठेतरी इंजिन बंद. गचका नाही, धूर नाही, चावी फिरवून बंद केल्यासारखं एकदम गप्प. थोडा वेळ थांबलं, बॉनेट उघडून इकडेतिकडे हात लावला की परत चालू. मग एके दिवशी ती चालूच होईना. लिलावाला उशीर झाला की माल पडेल त्या भावाने द्यावा लागतो, हे ज्याच्या घरी टोमॅटो आहे त्याला सांगायला नको. दादाने दुसऱ्याच्या गाडीत जाळ्या हलवल्या आणि पिकअप ओढत नाशिकला एका गॅरेजात आणली. गॅरेजचं नाव इथे लिहीत नाही.

त्यांनी स्कॅनर लावला. पी०३३५. सेन्सर बदलला, गाडी चालू झाली, बिल झालं. काही दिवसांनी पुन्हा तेच. मग म्हणाले आधीचा डुप्लिकेट होता, आता ओरिजिनल मागवतो. ओरिजिनल बसवला, पुन्हा चालू झाली, पुन्हा बंद पडली. शेवटी ईसीएमवर बोट ठेवलं आणि चाळीस हजारांच्या पुढचा आकडा सांगितला. वहिनीने मला फोन केला, "भाऊजी, तुम्ही एकदा येऊन बघा ना, हे पैसे भरायला निघालेत." दादाला विचारलं तर म्हणाला, "तू फॅक्टरीतला वायरमन. गाडीतलं तुला काय कळतंय? स्कॅनर काय खोटं बोलतो का?"

स्कॅनर खोटं बोलत नाही, हे मलाही मान्य आहे. पण तो काय सांगतो ते ऐकावं तर लागेल. पी०३३५ म्हणजे क्रँकचा सिग्नल ईसीएमपर्यंत पोचत नाहीये, इतकंच. ईसीएमला गाडीतलं काही डोळ्यांनी दिसत नाही. त्याला फक्त त्याच्या पिनवर आलेला व्होल्टेज कळतो. तो सिग्नल सेन्सरमध्ये मेला, कनेक्टरमध्ये मेला, वायरीत मेला, की फ्लायव्हीलच्या दात्यांची रिंगच वाकली, हे कोडवरून ठरत नाही. कंपनीत मशीन थांबलं आणि प्रॉक्सिमिटी सेन्सरचा अलार्म आला तर आम्ही आधी त्याला चोवीस व्होल्ट येतात का बघतो, मग केबल ओढून बघतो, आणि सेन्सर सगळ्यात शेवटी बदलतो. नवा शिकाऊ पोरगासुद्धा हे पहिल्या महिन्यात शिकतो. गाडीतला तीन वायरींचा क्रँक सेन्सरही जवळजवळ त्याच जातीचा आहे. समोरून लोखंडी दाता गेला की आउटपुट बदलतो. बऱ्याच इंजिनांत साठ दात्यांच्या जागेवर अठ्ठावन्न दाते असतात, दोन मुद्दाम सोडलेले. त्या रिकाम्या जागेवरून ईसीएमला पिस्टन कुठे आहे ते समजतं. ते समजलं नाही तर इंजेक्टर उघडायचा कधी हे त्याला ठरवता येत नाही, म्हणून सेल्फ कितीही मारा, डिझेल सिलिंडरमध्ये जातच नाही.

मी गॅरेजात गेलो तेव्हा पहिलं काम केलं ते म्हणजे त्यांच्याच स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडायला लावला आणि दादाला सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन फिरताना आरपीएम दोनशेच्या आसपास दिसायला हवा. दिसत होता शून्य. म्हणजे बिघाड या मार्गावरच, डिझेल पंप आणि रेल प्रेशरकडे बघायची गरज नव्हती. तुमच्या गाडीत हे आधी बघा. सेल्फ मारताना आरपीएम दिसत असेल तर क्रँक सेन्सरचा नाद सोडा आणि रेल प्रेशर बघा. साधारण दोनशे बारच्या पुढे दाब गेल्याशिवाय बहुतेक कॉमन रेल गाड्या इंजेक्टर उघडत नाहीत.

मग सेन्सरचा कनेक्टर काढला, चावी ऑन केली. सप्लायची पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह, यांच्यात पाच व्होल्ट. बरोबर. (काही गाड्यांत इथे बारा असतात.) सिग्नलच्या पिनवरही पाच. ते ईसीएमकडूनच येतात, म्हणजे ईसीएम त्या बाजूला जिवंत होता. आता तोच मीटर सप्लायची पिन आणि कनेक्टरचीच अर्थिंगची पिन, यांच्यात लावला. शून्य. वायरिंगचा जुडगा हाताने हलवला की पाच, सोडला की शून्य. गॅरेजचा माणूस आणि दादा दोघंही शेजारी उभे होते. अर्थिंगची वायर तुटलेली होती, बस्स.

टेप सोलत गेलो. क्लच हाऊसिंगच्या वर जुडगा एका ब्रॅकेटवर घासत होता. तिथे तो धरून ठेवणारी क्लिपच नव्हती. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात याच गॅरेजात क्लच प्लेट बदलली होती, तेव्हा गिअरबॉक्स उतरवताना क्लिप काढली आणि परत लावली नाही. वरून प्लास्टिक बरं दिसत होतं, आत तांबं हिरवं पडून तुटलेलं. सेन्सर बदलताना दर वेळी जुडगा हलायचा, तुटलेली टोकं टेकायची आणि गाडी चालू व्हायची. मग नवीन सेन्सरने काम केलं असं सगळ्यांना वाटायचं. तुमची गाडीही सेन्सर बदलल्यावर थोडे दिवस चालली असेल तर मला शंभर टक्के तुमच्याही वायरीचाच संशय आहे.

वायर कापून चांगल्या तांब्यापर्यंत मागे गेलो, सोल्डर केली, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवली, जुडगा ब्रॅकेटपासून लांब बांधला. आणि मग मी सगळ्यात पहिला, काढून टाकलेला जुना सेन्सर मागितला. तो त्यांच्याकडे डब्यात पडलेला होता. तो बसवला. सेल्फ मारला, पहिल्याच फटक्यात गाडी चालू. ती पिकअप त्यानंतर टोमॅटोचा तो सीझन चालली, द्राक्षाचा चालली, आणि आजही त्याच जुन्या सेन्सरवर चालते.

यावर दादाचं म्हणणं काय? "आधी एवढं काम झालं होतं म्हणून तुझ्या हातून लागली." लग्नात, दशक्रियेला, जिथे चार माणसं गाड्यांचं बोलतील तिथे तो सांगतो की सेन्सरच्या गाड्या म्हणजे नुसती कटकट, कधी कुठला सेन्सर उडेल नेम नाही, जुनी मेकॅनिकल पंपवाली गाडीच बरी. मला याचा राग येतो, कारण त्या गाडीतला एकही सेन्सर उडालेला नव्हता. ज्याला दोष दिला तो आजही निमूटपणे काम करतोय. दोष होता न लावलेल्या एका क्लिपचा. आणि बॉशच्या ज्या कारखान्याला लोक अजून मायकोच म्हणतात, जिथे डिझेल इंजेक्टरचे नोझल बनतात, त्या नाशिकमध्ये कॉमन रेलच्या गाडीला दोन वायरींवर मीटर लावायला कुणी तयार नसावं, हे मला पटतच नाही. गॅरेजवाल्याला सेन्सरमध्ये कमिशन सुटतं. वायर शोधायला अर्धा दिवस जातो आणि त्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक कुरकुरतं. दादासारखे लोक पार्टचे आठ हजार मुकाट्याने देतात आणि मजुरीच्या पाचशेसाठी भांडतात. मग मेकॅनिक पार्टच बदलणार.

तुमच्याकडे परत येतो. कनेक्टरवर पाच व्होल्टच आले नाहीत तर लगेच ईसीएमला दोष देऊ नका. हे पाच व्होल्ट बऱ्याचदा दोन-तीन सेन्सरना मिळून एकाच लाइनवर दिलेले असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळी लाइन बसते आणि भलत्याच सेन्सरचा कोड येतो. चावी ऑन ठेवून रेल प्रेशर, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असे सेन्सर एकेक करून सोडवा. ज्याचा कनेक्टर काढल्यावर पाच व्होल्ट परत येतील तो चोर. वायर तपासताना मीटरच्या नुसत्या बझरवर विश्वास ठेवू नका, कारण तांब्याची केसाएवढी एक तार शिल्लक असली तरी बझर वाजतो. बॅटरी गाडीपासून सोडवून, ईसीएमचा कनेक्टर काढून, त्याच बॅटरीवर त्या वायरीतून पाच वॅटचा बल्ब पेटवून बघा. भरपूर उजेड पडला तरच वायर धड. ईसीएम जोडलेला असताना मात्र बल्बची टेस्टर सिग्नलच्या वायरीला अजिबात लावू नका, तिथे डिजिटल मीटरच.

बॅटरी चांगली आहे असं मी धरूनच चाललोय, पण तरी सांगतो. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर पुढचं सगळं तपासणं वाया. आमच्याकडे निफाड-दिंडोरीच्या थंडीत अर्धी बॅटरीही सेल्फ फिरवते, पण ईसीएम त्या व्होल्टेजला धड जागा राहत नाही. इंजिन आणि चॅसीमधली अर्थिंगची पट्टी पण घासून घट्ट करा.

आता हेही लिहायला हवं की सेन्सर खरोखर जातातही. इंजिन तापल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू, आणि वायरिंग कितीही हलवली तरी रीडिंगमध्ये फरक नाही, असं असेल तर सेन्सर आतून गेला असं समजायला हरकत नाही. तुमच्या सेन्सरला दोनच वायरी असतील तर तो कॉइलचा आहे. त्याचा रेझिस्टन्स साधारण काही शे ते हजार-बाराशे ओहम येतो, एकदम ओपन दाखवला तर बदला. तीन वायरींच्या सेन्सरला ओहम लावून काहीच ठरत नाही. बसवण्याआधी टोकावर लोखंडाचा चुरा चिकटलाय का पुसून बघा, आणि फ्लायव्हीलची रिंग गिअरबॉक्सच्या कामात वाकली नाही ना ते टॉर्चने बघा. कॅम आणि क्रँक दोन्हीचे कोड एकत्र येत असतील तर टायमिंग चेन घसरल्याची शक्यता धरा. तेव्हा उगाच सेल्फ मारत राहू नका. डॅशबोर्डवर इमोबिलायझरचा (चुकीच्या चावीने गाडी चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर हे सगळं बाजूला, आधी दुसरी चावी लावून बघा. आणि डिझेलच्या हाय प्रेशर पाइपचे नट सैल करून सेल्फ मारायची जुन्या पंपांची पद्धत कॉमन रेलवर करू नका. तिथला दाब कातडी फाडून आत जातो.

गाडी वॉरंटीत असेल तर मी सांगितलेली सोलासोली करू नका, डीलरकडून लेखी निदान घ्या.

हे सगळं बरोबर निघालं, ईसीएमपासून सेन्सरपर्यंतच्या तिन्ही वायरी धड निघाल्या, खात्रीचा सेन्सर लावूनही सेल्फवर आरपीएम शून्यच राहिला, तेव्हा ईसीएमचा विषय काढा. तेव्हाही नवा घेण्याआधी जुना काढून बेंचवर तपासणाऱ्याकडे द्या. नवीन ईसीएमला चावीचं कोडिंग करावं लागतं, त्याचा खर्च वेगळा, आणि कोडिंग झालेला ईसीएम बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत. गॅरेजातून बाहेर पडताना आधीचे काढलेले दोन्ही सेन्सर मागून घ्या. पैसे तुम्ही दिलेत, ते तुमचे आहेत.