मोरीन खूर या घोड्याचं डोकं कोरलेल्या मंगोलियन गजवाद्यासोबत जॅझ वाजवायचंय? मग आधी हे वाच

सगळ्यात आधी ड्रमरला आवर. हे वाद्य ज्याची साथ करतं, त्या मंगोलियाच्या ‘उर्तीन दू’ या लांब गाण्यात ठरावीक ताल नसतो. श्वास पुरेल तोवर एकेक स्वर लांबवतात. त्याखाली स्विंग, म्हणजे जॅझचा झुलता ठेका, घुसवलास की गाणं मेलंच. मोरीन खूरला दोनच तारा, बहुधा एफ आणि बी फ्लॅटला लावलेल्या. तेव्हा पट्टी त्यांच्या सोयीची धर; गिटारवाल्याचा लाडका ई मेजर विसर. तार दांडीवर दाबत नाहीत, सारंगीसारखी नखाने बाजूने अडवतात, त्यामुळे मींड झकास येते. तिथे पियानोवाल्याने भरगच्च कॉर्ड टाकले तर पाच स्वरांची चाल गुदमरते. मंगोलियन जॅझ गायिका एन्जीचा २०२१चा ‘उर्सगाल’ अल्बम ऐक: आवाज, गिटार, डबल बास, बस्स. आणि फ्युजनच्या नावाखाली घोड्यांच्या टापा नकोत, प्लीज!