वाचकांचे प्रश्न : लेवांडोव्स्कीचे गोल, पायऱ्या आणि पेनल्टी

पोलंडचा स्ट्रायकर रॉबर्ट लेवांडोव्स्की आणि पोलिश फुटबॉल यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. दुखापतीनंतर ॲकॅडमीने त्याला ठेवलं नाही. लेवांडोव्स्कीलाही असंच काढलं होतं म्हणतात, खरं का? – एक आई, कोल्हापूर

खरं आहे. २००६ साली तो वॉर्साच्या लेगिया क्लबच्या दुसऱ्या संघात होता. पायाच्या दुखापतीतून उठत असतानाच क्लबने करार पुढे नेला नाही. तेव्हा त्याला अठरा पूर्ण व्हायची होती, आणि वडील जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

पुढे काय झालं ते तुमच्या मुलाला आकड्यांसकट सांगा. तो झ्निच प्रुश्कूफ या वॉर्सालगतच्या गावातल्या क्लबात गेला. हा संघ तिसऱ्या श्रेणीत खेळायचा. पहिल्या हंगामात १५ गोल करून तो त्या श्रेणीत अव्वल आला आणि संघ वर चढला. पुढच्या हंगामात दुसऱ्या श्रेणीत २१ गोल, पुन्हा अव्वल. २००८ मध्ये लेख पोझनानने त्याला १५ लाख झ्लॉटींना (पोलंडचं चलन) घेतलं. २००९-१० मध्ये १८ गोलांसह तो पोलंडच्या पहिल्या श्रेणीत अव्वल ठरला आणि लीगही जिंकला. त्यानंतर जर्मनीतला डॉर्टमुंड क्लब. म्हणजे तिसरी, दुसरी, पहिली श्रेणी आणि मग परदेश. प्रत्येक श्रेणीत सर्वांत जास्त गोल केल्यावरच त्याने ती सोडली.

डॉर्टमुंडलाही लगेच जम बसला नाही. पहिल्या हंगामात लीगचे ३३ सामने आणि गोल फक्त ८. लुकास बारिओस पुढे खेळायचा. लेवांडोव्स्की बदली म्हणून किंवा त्याच्या मागे. प्रशिक्षक युर्गन क्लॉपनी त्याच्याशी पैज लावली होती : सरावात दहा गोल केलेस तर ५० युरो मी देणार, नाही झाले तर तू द्यायचे. सुरुवातीला पैसे लेवांडोव्स्कीच्याच खिशातून जात. काही महिन्यांनी तो रोज जिंकायला लागला आणि क्लॉपनीच पैज थांबवली. पुढच्या हंगामात लीगमध्ये २२ गोल झाले.

तुमच्या मुलासाठी आमचं स्पष्ट मत असं : मोठ्या नावाच्या ॲकॅडमीत बाकावर बसण्यापेक्षा, जिथे पहिल्या अकरात रोज जागा मिळेल असा कोल्हापुरातल्या एखाद्या स्थानिक तालमीचा संघ बरा. मात्र फिजिओने दोन्ही पायांची ताकद मोजून हिरवा कंदील दाखवल्याशिवाय त्याला सामन्यात उतरवू नका. दुखरा पाय कमी पडत असताना घाईने उतरलेली मुलं पुन्हा तिथेच जायबंदी होतात.

तो काही वाऱ्यासारखा पळत नाही. मग २०२०-२१ मध्ये जर्मनीच्या बुंडेसलिगा लीगच्या २९ सामन्यांत ४१ गोल कसे? – म्हापसा

गेर्ड म्युलरचा १९७१-७२ चा ४० गोलांचा विक्रम त्याने याच हंगामात, बायर्न म्युनिक क्लबकडून खेळताना मोडला, तोही शेवटच्या सामन्यात ९० व्या मिनिटाला, ऑग्सबुर्गविरुद्ध. आणि मधले काही आठवडे तो गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर होता.

याचं उत्तर पायांच्या वेगात नाही, चेंडू येण्याआधीच्या दोन सेकंदांत आहे. पुढच्या सामन्यात चेंडू सोडून फक्त त्याच्याकडे बघा. पास येण्यापूर्वी तो दोनदा-तीनदा मान वळवतो. स्टॉपरच्या (मधल्या बचावपटूच्या) समोर उभा राहत नाही, त्याच्या पाठीमागच्या खांद्याकडे सरकतो, कारण तिथून स्टॉपरला एका नजरेत एक तर चेंडू दिसतो नाही तर तो. क्रॉस (बाजूने गोलसमोर येणारा पास) सुटायच्या क्षणी तो आधी एक-दोन पावलं उलट दिशेला टाकतो, मग आत शिरतो. स्टॉपर त्या पहिल्या पावलांवर हलला की मीटरभर जागा मोकळी होते. त्याला तेवढी पुरते.

दुसरी गोष्ट पहिला टच. २४ एप्रिल २०१३, चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, रेआल माद्रिदविरुद्ध डॉर्टमुंडकडून त्याचे चार गोल. त्यातला तिसरा गोल पाहा. बॉक्समध्ये गर्दी, त्याची पाठ गोलकडे, बचावपटू पेपे अंगावर. तो चेंडू तळव्याखाली धरून मागे ओढतो, त्याच हालचालीत वळतो आणि लगेच गोलच्या वरच्या जाळीत मारतो. पाय मागे फार नेतच नाही. पाय जितका मागे जाईल तितका गोलकीपरला वेळ मिळतो.

२२ सप्टेंबर २०१५ ला व्होल्फ्सबुर्गविरुद्ध बायर्न ०-१ ने मागे असताना तो मध्यंतरानंतर बदली म्हणून उतरला आणि ५१ ते ६० या मिनिटांत पाच गोल केले. तिसऱ्याच्या वेळी चेंडू आधी खांबाला लागला, मग गोलकीपरने अडवला, आणि तिसऱ्या प्रयत्नात तो आत गेला. पहिला शॉट मारल्यावर बहुतेक जण थांबून बघतात. हा पुढेच जात राहिला.

घरच्या मैदानावर करायचा सराव : पेनल्टी स्पॉटच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटरवर एकेक कोन (खुणेचा प्लॅस्टिकचा शंकू) ठेवा, मध्ये एक बचावपटू. बाजूने क्रॉस. स्ट्रायकरने लांबच्या कोनाकडे दोन पावलं टाकायची आणि जवळच्या कोनाकडे सुटायचं. जास्तीत जास्त दोन टच, शॉट जमिनीलगत. दहा चेंडूंचे चार सेट, त्यातले दोन कमजोर पायाने. मुलं चुकतात ती बहुधा एकाच जागी : क्रॉस सुटण्याआधीच धावतात आणि चेंडू येतो तेव्हा गोलरेषेजवळ पोचून अडकलेली असतात. त्यांना उशिरा निघायला शिकवा.

तो पेनल्टीआधी मध्येच थबकतो. हे नियमात बसतं का? – पुणे

धावताना थबकणं, गती कमी करणं चालतं. धाव पूर्ण झाल्यावर मारण्याचं सोंग करणं चालत नाही. त्याला पिवळं कार्ड आणि प्रतिस्पर्ध्याला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल धरत नाहीत). लेवांडोव्स्की शेवटच्या पावलांत लय तोडून मान वर करतो आणि गोलकीपरचं वजन कुठल्या पायावर गेलं ते बघतो. गोलकीपर हलला तर उलट कोपरा. ही पद्धत फसते ती हलायला नकार देणाऱ्या गोलकीपरसमोर, कारण अशा वेळी शॉटमध्ये जोर कमी उरतो. २०२२ च्या विश्वचषकात मेक्सिकोच्या ओचोआने त्याची पेनल्टी अडवली. युरो २०२४ मध्ये फ्रान्सच्या मेन्याननेही अडवली होती, पण तो रेषेवरून लवकर सुटला होता. किक मारली जाताना गोलकीपरचा एक तरी पाय रेषेवर, रेषेच्या सरळ वर किंवा रेषेमागे असावा लागतो. पेनल्टी पुन्हा घेतली गेली आणि गोल झाला.

असा खेळाडू विकला गेला की त्याच्या पहिल्या छोट्या क्लबला काही मिळतं का? आमचा छोटा क्लब आहे म्हणून विचारतो. – नाशिक

मिळतं. फिफाच्या नियमाप्रमाणे आंतरराष्ट्रीय क्लबबदलीच्या (ट्रान्सफरच्या) रकमेतले ५ टक्के, खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक हंगामाला एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, १६ ते २३ मध्ये प्रत्येक हंगामाला ०.५ टक्के. २०२२ मध्ये बार्सिलोनाने बायर्नला साडेचार कोटी युरो अधिक बोनस असा सौदा केला. झ्निचकडे तो दोन हंगाम होता, म्हणजे १ टक्का : बोनस सोडून साडेचार लाख युरोंचा वाटा. गावातल्या क्लबसाठी ही रक्कम केवढी, ते सांगायला नको.

पण २०१४ मध्ये करार संपवून तो डॉर्टमुंडहून बायर्नला गेला, तेव्हा बदलीची रक्कम शून्य होती. शून्याचे ५ टक्के शून्यच.

तुम्ही करायचं ते एवढंच : प्रत्येक मुलाची दर हंगामात ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएस (केंद्रीय नोंदणी) प्रणालीत नोंदणी करा, जन्मतारीख दाखल्याप्रमाणे तपासून. हिशेब खेळाडूच्या नोंदणीच्या इतिहासावरून होतो. नोंद नसलेला हंगाम सिद्ध करणं पुढे फार अवघड जातं आणि बहुतेक छोटे क्लब तिथेच हरतात.

पोलंडचाच लाटो १९७४ च्या विश्वचषकात सात गोल करून अव्वल ठरला. मग तो मोठ्या परदेशी क्लबात का दिसला नाही? – सांगली

कारण कम्युनिस्ट राजवटीत पोलिश खेळाडूंना साधारण तिशीपर्यंत बाहेर जाऊच देत नसत. ग्झेगोश लाटो १९८० मध्ये, तिशीला टेकल्यावर, बेल्जियमच्या लोकेरेनला गेला. त्याच वर्षी पोलिश संघातला त्याचा सहकारी शारमाख फ्रान्सच्या ओसेरला गेला. पोलंडच्याच बोनिएकला १९८२ मध्ये २६ व्या वर्षी इटलीच्या युव्हेंटसला जाऊ दिलं, तो अपवाद. लाटोची सर्वांत चांगली वर्षं पोलंडमधल्या स्टाल मिएलेत्स क्लबच्या मैदानावर गेली. ती कमी मोलाची होती असं आम्ही मुळीच मानत नाही.

त्याच्या नावाचा खरा उच्चार काय? – ठाणे

पोलिशमध्ये 'व्' नंतर 'स्क' आला की त्याचा 'फ्' होतो, आणि त्यांचा 'ड' आपल्या 'द' सारखा दाताला जीभ लावून येतो. त्यामुळे कानाला 'लेवांदॉफ्स्की' असं ऐकू येतं, जोर 'दॉफ्' वर. छापील मराठीत लेवांडोव्स्की रुळलं आहे म्हणून आम्ही तेच ठेवतो, पण वॉर्सात कुणाशी बोलायची वेळ आली तर 'द' म्हणा.