भावाला आणि मला एकच प्रसंग वेगवेगळा आठवतो. दोघांनाही खात्री आहे. असं कसं?

खात्रीवर जाऊ नका. आठवताना मेंदू फोडणीचा भात करतो: कालचं उरलेलं घेतो आणि कमी पडेल तिथे हाताशी असेल ते घालतो. नंतर ऐकलेलं, फोटोत पाहिलेलं, 'असंच झालं असणार' हा अंदाज, सगळं त्यात मिसळतं. चव मात्र ताज्या भाताचीच लागते, ही खरी गोची.

२८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे अमेरिकेचं अंतराळयान हवेतच फुटलं. दुसऱ्याच सकाळी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर यांनी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून 'बातमी कुठे, कुणाकडून कळली?' हे लिहून घेतलं. अडीचेक वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं, तर ११ जणांचं सगळंच चुकलं. स्वतःच्या अक्षरातला कागद समोर ठेवला, तरी मूळ आठवण काही परत आली नाही.

माझंच घ्या. कपाळावरची खूण झोपाळ्यावरून पडल्याची, असं मी वर्षानुवर्षं रंगवून सांगायचो. आई म्हणाली, "झोपाळ्यावरून ताई पडली होती. तू उंबरठ्यावर आपटलास." झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो.