लेखकाच्या चाचण्या बिल्डमध्ये नकोत

प्रश्न : मी पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतील एक लहान मॉड्यूल (इतरांना वापरता येणारा कोडचा संच) सांभाळतो. माझ्या संगणकावर त्याच्या सगळ्या चाचण्या पास होतात. मात्र डेबियन या लिनक्स वितरणासाठी त्याचे पॅकेज तयार करणाऱ्या स्वयंसेवकाने कळवले, की दस्तऐवजीकरण तपासणारी चाचणी फेल होऊन बिल्ड, म्हणजे कोडपासून पॅकेज तयार करण्याची प्रक्रिया, अडला आहे. मूळ कोडमध्ये कोणताही दोष नाही. ही चाचणी काढून टाकावी का?

उत्तर : काढू नका, तिची जागा बदला. ‘हा कोड या यंत्रावर, येथे असलेल्या लायब्रऱ्यांसह बरोबर चालतो का?’ हे पॅकेज तयार करणाऱ्याला कळायला हवे. प्रत्येक फंक्शनचे वर्णन लिहिले आहे का, कोडची शैली पाळली आहे का, हे पाहणे मात्र तुमचे काम आहे आणि त्याचा निकाल प्रकाशनापूर्वीच लागायला हवा. तपासणीच्या साधनाची नवी आवृत्ती एखादा नियम वाढवते आणि आपण हातही न लावलेला कोड अचानक नापास ठरतो. डेबियनमध्ये पूर्वी होत असलेला बिल्ड असा थांबला, तर तो गंभीर दोष म्हणून नोंदवला जातो आणि एका स्वल्पविरामाएवढ्या कारणासाठी चांगले पॅकेज पुढील आवृत्तीतून वगळले जाण्याची वेळ येऊ शकते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पर्लमध्ये यासाठी रुळलेली सोय आहे. नेहमीच्या चाचण्या ‘टी’ फोल्डरमध्ये राहतात आणि ‘मेक टेस्ट’ ही आज्ञा सहसा तेवढ्याच चालवते. लेखकाच्या चाचण्या, म्हणजे फक्त मॉड्यूल सांभाळणाऱ्याने चालवायच्या चाचण्या, ‘एक्सटी’ फोल्डरमध्ये ठेवाव्यात. फाइल ‘टी’मध्येच ठेवायची असेल, तर ‘ऑथर_टेस्टिंग’ हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिले जाणारे मूल्य) दिलेले नसताना ती वगळली जाईल अशी अट घालता येते. मात्र येथे एक चूक फार वेळा होते : अट फाइलच्या पहिल्या ओळीत असते आणि दस्तऐवजीकरण तपासणाऱ्या ‘टेस्ट::पॉड::कव्हरेज’ या मॉड्यूलला बोलावणारे ‘यूज’ तिच्या खाली, पण ‘यूज’ कंपाइल होतानाच अमलात येत असल्यामुळे ते मॉड्यूल नसलेल्या यंत्रावर अटीची पाळी येण्यापूर्वीच चाचणी कोसळते. अट ‘बिगिन’ ब्लॉकमध्ये घाला किंवा मॉड्यूल ‘रिक्वायर’ने नंतर बोलवा. मला विचाराल तर वेगळे फोल्डरच बरे. मॉड्यूलला काय काय लागते हे सांगणाऱ्या मेटा फाइलमधील ‘टेस्ट::पॉड::कव्हरेज’ची नोंदही ‘टेस्ट’ टप्प्यातून ‘डेव्हलप’ टप्प्यात न्या, नाहीतर केवळ त्या नोंदीपायी इतरांना ते बसवावे लागेल.

नेटवर्क लागणाऱ्या चाचण्याही नेहमीच्या बिल्डमधून बाजूला काढा, कारण डेबियनच्या धोरणानुसार मुख्य विभागातील पॅकेजांना बिल्डच्या वेळी नेटवर्क वापरता येत नाही. परंतु प्रत्यक्ष वर्तन तपासणारी चाचणी कधीतरी फेल होते एवढ्यावरून तिला ‘एक्सटी’त टाकू नका, बिल्डच्या यंत्रावर तीच खरा दोष दाखवत असण्याची शक्यता असते.

नव्या आवृत्तीची वाट न पाहता त्या स्वयंसेवकाला ही फाइल वगळण्यास आजच कळवा. आपल्या प्रकाशनाच्या स्क्रिप्टमध्ये मात्र चाचण्या चालवणाऱ्या ‘प्रूव्ह’ या आज्ञेला ‘एक्सटी’ फोल्डर देणारी ओळ जोडा, कारण ‘मेक टेस्ट’ यापुढे त्या चाचण्या तुमच्याकडेही चालवणार नाही.