सीपीयूची रेघ नुसती चढतेय, मेमरी कायम फुल्ल: बिघाड कंटेनरमध्ये नाही, ग्राफात आहे

तुम्ही लिहिलंय की एकाच सर्व्हरवर दहा-बारा डॉकर कंटेनर (एकेका प्रोग्रॅमचे वेगळे डबे) आहेत, सीॲडव्हायझर (कंटेनरचे आकडे काढणारा), प्रोमीथियस (ते गोळा करून साठवणारा), ग्राफाना (त्यांचे ग्राफ काढणारा) तिन्ही उभे केलेत, पण सीपीयूची रेघ नुसती वर चाललीय आणि पोस्टग्रेस डेटाबेसची मेमरी सतत लिमिटला टेकलेली. घाबरू नका, बहुतेक काही बिघडलेलं नाहीये.

सीपीयूचा तो आकडा म्हणजे चालू वापर नव्हेच, कंटेनरने आत्तापर्यंत किती सेकंद सीपीयू खाल्ला त्याची बेरीज आहे, लाइटच्या मीटरसारखी, ती खाली कशी येईल? त्याला प्रोमीथियसचं रेट फंक्शन (सेकंदाला किती वाढ ते काढणारं) लावा, मागची 5 मिनिटं द्या, उत्तर 0.5 आलं की समजा अर्धा कोर. स्क्रेप, म्हणजे प्रोमीथियसने आकडे उचलणं, दर मिनिटाला असेल आणि रेटलाही एकच मिनिट दिलंत तर ग्राफ रिकामा येतो, कारण त्याला निदान दोन रीडिंग लागतात. आणि कंटेनरचं नाव रिकामं असलेल्या सीरिज (आकड्यांच्या रांगा) गाळून टाका हो, सीॲडव्हायझर अख्ख्या मशीनचा आकडाही देतो, मग टोटल दुप्पट दिसते.

मेमरीत मी स्वतः फसलोय. यूसेज नावाचं मेट्रिक (मोजलेला आकडा) लावलं होतं, त्यात पेज कॅशही धरलेला असतो, आणि डेटाबेस म्हटलं की फाइली वाचणार, लिनक्स त्या रॅममध्ये ठेवणार, जागा लागली की सोडून देणार. मी मात्र रात्री बसून दोनदा लिमिट वाढवलं, दोन्ही वेळा रेघ परत वर! वर्किंग सेटवालं मेट्रिक घ्या, त्यात न वापरलेला फाइल कॅश वजा असतो.

पण उलटंही होतं. एकदा कंटेनर 137 कोड देऊन (म्हणजे जबरदस्तीने मारला जाऊन) मेला आणि ग्राफ एकदम शांत, कारण मेमरी दोन स्क्रेपच्या मधल्या काही सेकंदातच उसळली होती. तेव्हा डॉकर इन्स्पेक्टमध्ये ओओएमकिल्ड (मेमरी संपली म्हणून मारला) ट्रू आहे का ते बघायचं, तिथे ग्राफ कामाचा नाही.

रेडीमेड डॅशबोर्ड इम्पोर्ट करून तीस पॅनल (ग्राफचे चौकोन) लावू नका, कोणी बघत नाही. ग्राफानाला व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर डेटा टिकवणारी जागा) दिलंय ना? नसेल तर कंटेनर काढला की सगळे पॅनल गेले. मेमरीची टक्केवारी काढताना लिमिट न दिलेल्या कंटेनरचं लिमिट शून्य येतं, भागाकार इन्फिनिटी, म्हणून तेवढे वगळा नाहीतर आधी डॉकर कंपोजच्या (कंटेनरची सेटिंग असलेल्या) फाइलमध्ये लिमिट लिहा.