सेंद्रियला हात घालण्याआधी

भावा, सेंद्रियचं मनावर घेतलंयस तर आधी धारवाडच्या कृषी विद्यापीठात जाऊन ये. आपला बेळगाव जिल्हा त्यांच्याकडेच येतो. कृषी मेळा बघच, पण गर्दीत शंका नीट विचारता येत नाहीत, त्यासाठी आडवारी जा. मोडकंतोडकं कन्नड चालतं, लाजू नको. मातीचा नमुना सोबत ने: बांध, उकिरडा, झाडाखालची जागा सोडून सात-आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डे घे, कडेची माती खरवड, मिसळून अर्धा किलो ठेव. सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू, पाकिटात मिळतात) लावशील तर गुळाच्या पाण्यात कालवून हलक्या हातानं चोळ, सावलीत सुकव, लगेच पेर. पाकीट पत्र्याच्या खोलीत तापलं तर जिवाणू मेलेच समज! आणि सगळं रान एकदम नको, अर्धा एकर बास.